माझ्या नंबरापुढचे चाळीस

३ सप्टेंबर, बुधवार

हिशोबाच्या वहीच्या शेवटच्या पानापासून उलटं लिहायला घेतलं आहे. वेगळी वही कशाला? मागची पानं नाहीतरी कोरीच राहतात.

दुपारी निकाल आणला. संख्याशास्त्र, सत्तावीस. मागच्या खेपेला एकवीस होते. पास व्हायला चाळीस लागतात. बाकीचे सगळे विषय सुटले, समाजशास्त्रात तर साठच्या वर आहेत. पण हा एक सुटल्याशिवाय पदवी नाही, आणि खेपा तीनच देतात. नोव्हेंबरची शेवटची. त्यात नाही जमलं तर चार वर्षं पाण्यात.

लग्न झालं तेव्हा मी मॅट्रिक होते. अठ्ठावीस वर्षांत स्वतःसाठी एकच मागितलं, संध्याकाळच्या कॉलेजात नाव घालू द्या.

हे दुकानातून आले. आकडा ऐकून म्हणाले, "सहा वाढले की! ह्या वेगानं आणखी एक-दीड वर्षात पास."

धाकटी लेक खो खो हसली. मीही हसले. मग न्हाणीघरात जाऊन रडले. नळ सोडून रडायची मला सवय नाही, पाणी वाया जातं. म्हणून तोंडात पदर घालून. दाराखालच्या फटीतून ह्यांच्या चपला दिसत होत्या. बराच वेळ उभे होते. दार काही वाजवलं नाही.

देवा, मी कुणाचं वाईट चिंतलं नाही. एवढे तेरा गुण दे.

११ सप्टेंबर, गुरुवार

वर्गात आम्ही सोळा जण, त्यातले जुने नापास दोघे. मी आणि रंगारी. रंगारी म्हणजे घरांना रंग देणारा, कोपरापर्यंत हात पांढरे घेऊन येतो. तो मला ताई म्हणतो, मॅडम काकू म्हणतात. मॅडम आमच्या धाकटीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील.

आज प्रमाण विचलन. मॅडम म्हणाल्या, घरातले कुठलेही पाच आकडे घ्या. माझ्याकडे तयारच होते. गॅसची टाकी लावली की मी कॅलेंडरवर लिहिते. गेल्या पाच टाक्या एकतीस, चौतीस, एकोणतीस, छत्तीस आणि तीस दिवस पुरल्या. सरासरी बत्तीस. प्रत्येक टाकी बत्तीसपासून किती सरकली ते काढायचं. मी अधिक-वजा करून मोकळी झाले, तर उत्तर शून्य.

"मॅडम, शून्य कसं? म्हणजे काही सरकलंच नाही का?"

"म्हणून तर आधी त्या फरकांचे वर्ग करायचे, काकू. नाहीतर पुढं सरकलेलं मागं सरकलेल्याला खाऊन टाकतं."

तेव्हा एकदम उजेड पडला. एका दिवशी भात करपला आणि दुसऱ्या दिवशी छान झाला, म्हणजे करपलाच नाही असं थोडंच होतं? हे मी मोठ्यानं बोलले. मॅडमनी फळ्यावर लिहायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हे मी पुढच्या वर्गात सांगेन."

उत्तर दोन पूर्णांक सहा दिवस आलं. रंगाऱ्याला कळलं नव्हतं, त्याला मी समजावलं. म्हणाला, "ताई, तुम्ही आधीच भेटायला हव्या होत्या. मी उगाच दोन परीक्षा फुकट घालवल्या."

२८ सप्टेंबर, रविवार

भाऊजी आले होते. ते ह्यांचे शाळेपासूनचे मित्र. विद्यापीठात निकाल विभागात असतात. तिथली गुणांची रजिस्टरं ह्यांच्याच दुकानात बांधली जातात, तीही भाऊजींच्याच ओळखीनं. निम्मं दुकान त्या कामावर चालतं.

दोघे बाहेरच्या खोलीत बोलत बसले. मी चहा घेऊन गेले तर गप्प झाले. मग भाऊजी म्हणाले, "काय वहिनी, ह्या खेपेला तरी आकड्यांना लोळवणार ना?"

"आकडेच मला लोळवतात, भाऊजी."

"छे छे. आता नाही लोळवायचे."

ते गेल्यावर हे स्वयंपाकघरात आले. ह्यांनी माझा परीक्षेचा बैठक क्रमांक विचारला. मी सांगितला तर खिशातल्या पेन्सिलीनं हातावर लिहून घेतला. "मला पाठ करायचाय," म्हणाले.

अठ्ठावीस वर्षांत ह्यांनी माझा वाढदिवस पाठ केला नाही. नंबर पाठ करतायत! मनातल्या मनात देवाला हात जोडले.

६ ऑक्टोबर, सोमवार

हे फार बदलले आहेत. पहाटे उठते तर म्हणतात, झोप गं, एवढं जिवाला लावून घेऊ नकोस. "ह्या खेपेला तू पास. माझा शब्द." इतक्या ठामपणे म्हणतात की मलाच खरं वाटायला लागलं आहे. माणसाच्या पाठीशी कुणी असलं की अर्धं काम तिथंच होतं.

१९ ऑक्टोबर, रविवार

आज ह्यांना समोर बसवलं आणि दहा गणितं तपासायला दिली. उत्तरांचं पुस्तक हातात दिलं. भराभर दहाच्या दहांवर बरोबरची खूण. "शाब्बास."

नंतर पाहिलं तर सातवं गणित मी उतरवतानाच चुकवलं होतं, चोपन्नच्या जागी पंचेचाळीस. त्यावरही खूण! आठवडाभर दुकानात काम फार आहे, थकले असतील. मीच खोडून परत सोडवलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

पेपर झाला. पहिलं पान तीनदा वाचलं. मग पहिलाच प्रश्न प्रमाण विचलनाचा दिसला आणि लिहायला घेतलं. सहाही प्रश्न सोडवले. चौथा सहसंबंधाचा होता, तो गेला. बाकीचे लिहून उठले तेव्हा घंटेला पाच मिनिटं होती.

रंगाऱ्यानं चारच सोडवले. तेही, म्हणाला, तुम्ही शिकवलेले. दारात मला वाकून नमस्कार करायला लागला. म्हटलं, अरे, माझाच पत्ता नाही अजून.

घरी आले. हे दुकानातून लवकर आले होते. मी म्हटलं, "अहो, ऐका ना, पहिल्या प्रश्नात काय आलं—"

"झालं ना? सुटलीस. आता त्याचं नाव काढू नकोस."

मला सगळं सांगायचं होतं. असो. प्रश्नपत्रिकेवर माझा अंदाज मांडला, हात आखडूनच. पंचावन्न ते साठ. कुणाला सांगितलं नाही. अहंकार झाला असता.

१ डिसेंबर, सोमवार

पास!

चाळीस. बरोबर चाळीस. देवानं मागितलं तेवढंच मोजून दिलं, वर एक नाही. घरी येऊन देवापुढे बसले ती उठवेना. खरं लिहायचं तर चाळीस पाहून आधी प्रश्नपत्रिकेवरचा माझा अंदाज काढून पाहिला. पंचावन्न कुठे गेले? पण मग स्वतःलाच दटावलं. हाव बरी नव्हे.

ह्यांनी संध्याकाळी एक पुडकं दिलं. स्वतः बांधलेली वही! कापडी पुठ्ठा, कण्याला चामडं, वर सोनेरी अक्षरात "पदवीधर". असं काम हे फार मोठ्या गिऱ्हाइकांसाठीच करतात. धाकटी म्हणाली, "आई, बाबा रोमँटिक झाले!" हे लाजले. ह्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मागच्या पुठ्ठ्याच्या आत, बांधणीची तारीख पेन्सिलनं लिहायची ह्यांची सवय. २२ नोव्हेंबर. निकालाच्या नऊ दिवस आधी! केवढा हा विश्वास. ही वही मी जपून ठेवणार, हिशोबाला नाही वापरायची.

३ डिसेंबर, बुधवार

कॉलेजात दाखला घ्यायला गेले होते. रंगारी पायऱ्यांवर बसला होता. अडतीस. दोन गुणांनी गेला आणि आता पुन्हा खेप नाही.

मी शेजारी बसले. तोच म्हणाला, "ताई, तुम्हाला किती? सत्तर?"

"चाळीस."

"चाळीस?" तो उठून उभा राहिला. "माझे चार प्रश्न, तेही तुमच्या शिकवण्यावर, तर अडतीस. तुमचे सहा. आणि तुम्हाला फक्त दोन जास्त? ताई, तुम्हाला आकडे कळतात ना?"

घरी येईपर्यंत तेच डोक्यात. पोरगा बोलला ते रागानं नव्हे, हिशोबानं बोलला.

९ डिसेंबर, मंगळवार

उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागता येते. अर्ज आणला. हे जेवत होते. घास हातातच राहिला.

"कशाला?"

"बघायचं आहे, कुठे गेले."

"पास आहेस ना? पदरी पडलं, पवित्र झालं. उगाच उकरून काढलंस आणि त्यांनी चाळीसचे अडतीस केले तर?"

"माझे असतील ते होतील."

"तुला ना, सुख टोचतं," म्हणाले आणि ताट सरकवून उठले. भात टाकला. ह्या घरात अन्न टाकलेलं मी पाहिलं नव्हतं. एवढी काळजी माझ्या पदवीची! पण मी अर्ज देऊन आले. ह्यांच्या मनाविरुद्ध केलेली ही पहिलीच गोष्ट असेल. देव क्षमा करो.

१८ डिसेंबर, गुरुवार

झेरॉक्स मिळाली. विद्यापीठाच्या आवारातच बाकावर बसून पाहिली.

पहिल्या प्रश्नाला चौदा. दुसऱ्याला बारा. तिसऱ्याला अकरा. चौथा तीन, तो गेलाच होता. पाचव्याला दहा. सहाव्याला सात. वर गोल करून सत्तावन्न, आणि तपासणाऱ्याची सही. तिसऱ्या प्रश्नाच्या समासात बारीक अक्षरात लिहिलं आहे, "मांडणी स्वच्छ."

मी चार वेळा बेरीज केली. मग बोटांवर केली.

सत्तावन्न.

गुणपत्रिकेवर चाळीस.

१९ डिसेंबर, शुक्रवार

काल लिहिलं त्यानंतर मला वाटत होतं की कुणा कारकुनाची नजरचूक. मी आनंदात होते, हे लिहून ठेवायला हवं. सकाळी ह्यांच्यापुढे कागद ठेवला. म्हटलं, "अहो, भाऊजींना सांगा, त्यांच्या रजिस्टरात चूक झाली आहे. सत्तावन्न आहेत मला!"

ह्यांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. भिंतीकडे बघत म्हणाले, "माहीत आहे."

मला आधी कळलंच नाही. मी हसतच होते.

मग हळूहळू बाहेर आलं. सप्टेंबरच्या त्या रविवारी ठरलं होतं. रजिस्टरची पानं बांधलेली, त्यावर पानांचे आकडे छापलेले. पान बदलता येत नाही आणि खाडाखोड केली तर वरच्या बाईंची सही लागते. हे ह्यांनाच ठाऊक, बांधणी ह्यांचीच. बंडल आलं की दोघं मिळून आकडे उतरवतात, आधी भरलेली ओळ मात्र वगळून पुढं जातात. म्हणून उत्तरपत्रिकांचं बंडल यायच्या आधीच भाऊजींनी माझ्या नंबरापुढची ओळ भरून टाकली. स्वच्छ अक्षरात. चाळीस. मग बंडल आलं. भाऊजींनी माझी उत्तरपत्रिका पाहिली, तर सत्तावन्न.

"मग?"

"मग काय? ओळ भरलेली. खोडली असती तर आधी का भरली म्हणून विचारलं असतं. त्यानं मला फोन केला. एकवीस तारखेला."

"एकवीस नोव्हेंबरला तुम्हाला कळलं."

"मी त्याच दिवशी तुझी वही शिवायला घेतली," हे म्हणाले. जणू ते काहीतरी होतं.

"मी चाळीस घेऊन आले. तुमच्यासमोर देवापुढे बसले. रडले."

"मी तुझ्याचसाठी केलं गं. तू न्हाणीघरात रडत होतीस, ते पुन्हा बघवलं नसतं."

"दार वाजवायचं होतं."

हे उठून दुकानात गेले.

दिवसभर एकच गोष्ट घोळते आहे. "तू पास, माझा शब्द." मी तो शब्द उशाशी घेऊन झोपत होते. तो माझ्याबद्दल नव्हताच. मी काय लिहिणार, कसं लिहिणार, ह्याच्याशी त्याचा काही संबंधच नव्हता. मी पहाटे उठत होते तेव्हा ह्यांच्या मनात मी आधीच नापास झालेली होते. आणि मी देवाचे आभार मानले! देवापुढेसुद्धा मला हास्यास्पद केलं.

ती कापडी वही कपाटाच्या वरच्या फळीवर टाकली आहे.

२१ डिसेंबर, रविवार

भाऊजी बायकोला घेऊन आले. तिला आणायची गरज नव्हती. ती बिचारी खाली बघून बसली होती.

"वहिनी, तुमचं नुकसान काय झालं ते सांगा."

"सतरा."

"सतरा गुणांसाठी माझी नोकरी घालवणार? पास ते पासच ना?"

"भाऊजी, मी नापास झाले असते तर तुम्ही मला नसलेले गुण द्यायला तयार होतात. आता असलेले द्यायला एवढं जड का जातं?"

धाकटी मध्ये पडली. "आई, सत्तावन्न म्हणजे काय सुवर्णपदक आहे का? कोण विचारतंय पुढे?"

"अडतीसवाला विचारेल," मी म्हटलं. तो कोण, हे तिला माहीत नाही.

मी नियमांची पुस्तिका वाचून ठेवली होती. नोंद करणाऱ्यानं निकालापासून तीस दिवसांत स्वतःहून लेखी चूक कबूल केली तर चौकशी होत नाही, समज देऊन दुरुस्ती करतात. ते भाऊजींना वाचून दाखवलं. म्हटलं, "एकोणतीस तारखेपर्यंत थांबते. तुमच्या हातानं करा. मी कुठेही जाणार नाही."

भाऊजींनी मान हलवली. जाताना दारात त्यांच्या बायकोनं माझा हात धरला. "ताई, अभिनंदन," म्हणाली. सत्तावन्नांसाठी मिळालेलं हे पहिलंच अभिनंदन.

२९ डिसेंबर, सोमवार

काही झालं नाही. शनिवारी ह्यांना विचारलं तर म्हणाले, "तो म्हणतो, वहिनी देवभोळ्या आहेत, करणार नाहीत काही." ह्यांनी मला हे सांगितलं ते मी थांबावं म्हणून.

सकाळी अंघोळ करून, देवाला नमस्कार करून विद्यापीठात गेले. माझी पाचावर धारण बसली होती, खोटं का सांगू? खिडकीवरच्या माणसानं अर्ज उलटसुलट केला.

"बाई, नापास आहात का?"

"नाही. पास."

"मग कशाला आलात?"

"माझे गुण न्यायला."

त्यानं मला आत परीक्षा विभागाच्या बाईंकडे पाठवलं. रजिस्टर मागवलं. पाठीवर ह्यांच्या दुकानाचा शिक्का. पान उघडलं. माझ्या नंबरापुढे चाळीस, गोल वळणदार. बाईंनी माझी झेरॉक्स बघितली, मग माझ्या ओळीच्या शेवटची सही आणि तारीख. "ही सही चौदा तारखेची आहे. बंडल आलं एकवीसला. तुम्हाला याबद्दल काही माहिती आहे?"

नाही म्हणता आलं असतं. अर्ज तेवढ्यानंही पुढे गेला असता कदाचित. सगळं भाऊजींच्या माथी बसलं असतं आणि आमचं दुकान वाचलं असतं. तोंडाशी आलंही होतं.

"माहिती आहे," मी म्हटलं. "माझ्या मिस्टरांनी सांगितलं म्हणून ही ओळ आधी भरली. ही रजिस्टरं तेच बांधतात."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे लिहून द्याल?"

लिहून दिलं. अक्षर नीट काढलं.

रंगाऱ्याचंही विचारलं. त्याचे अडतीस खरे होते, मी पाहून घेतलं. त्याच्यासाठी काही करता आलं नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार

नवी गुणपत्रिका टपालानं आली. सत्तावन्न.

भाऊजींची चौकशी चालू आहे, तोवर त्यांना घरी बसवलं आहे. ते आमच्याकडे येत नाहीत. विद्यापीठाचं बांधणीचं काम पंधरा जानेवारीला बंद झालं. हे सकाळी दुकान उघडतात, शाळेच्या वह्यांची किरकोळ कामं येतात. धाकटी माझ्याशी कामापुरतं बोलते. परवा म्हणाली, "तुझं खरं झालं, पण घराचं काय झालं?" मी म्हटलं, घराचं आधीच झालं होतं, मला उशिरा कळलं. पण तिचा प्रश्न काही खोटा नाही. मीही तो रोज विचारते, आणि प्रार्थनेत पहिल्यासारखं मन लागत नाही, हेही लिहून ठेवते.

दुपारी हे जेवायला आले. टेबलावर गुणपत्रिका होती. हात पुसून उचलली, वाचली, होती तशी ठेवली. मी ओट्याशी भाजी चिरत होते. मागं येऊन उभे राहिले.

"तुझा पेपर दाखवतेस का? बघतो तरी काय लिहिलं होतंस."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा विचारलं. झेरॉक्स माझ्या पिशवीतच होती, हाताच्या अंतरावर.

"कशाला?" मी म्हटलं. "गुण तर तुम्हाला माझ्या आधीच कळले होते."

मागे हे खुर्ची ओढून बसल्याचा आवाज आला. दुकान उघडायची वेळ होऊन गेली तरी उठले नाहीत, आणि मी मागे वळून पाहिलं नाही.